बालवाडीच्या उंबरठ्याशी

जून महिना अर्धा सरला, की ज्या घरी तीन-चार वर्षांचे मूल आहे त्या घरातील सकाळ एकाएकी गजबजून जाते. नवी पिशवी येते, नवा डबा येतो, आजोबा पंचांगात बरा दिवस पाहून ठेवितात, आजी हातावर दही घालते, काका छायाचित्र काढावयास पुढे सरसावतात, आणि सारे घर जणू वरातीस निघाल्याप्रमाणे बालवाडीच्या दाराशी जाऊन थडकते. तेथे मात्र ज्याच्याकरिता हा सारा थाट, तो बाळराजा आईचा पदर मुठीत आवळून धरितो आणि उंबरठ्याच्या आत पाऊल टाकावयास साफ नाकारतो.

मोठ्याने रडणाऱ्या मुलाची चिंता वाहणारे पुष्कळ भेटतात. त्याचे रडे चार घरे ऐकतात, बाई धावून येतात, कोणी खुळखुळा वाजवितो, कोणी खिडकीतला कावळा दाखवितो. आणि आठ-पंधरा दिवसांत ते रडे ओसरून मूल खेळू लागते. परंतु दुसऱ्या एका जातीचे मूल असते. ते रडत नाही. बसविले तेथे भिंतीला टेकून बसते, डबा उघडीत नाही, कोणी नाव विचारले तर मान खाली घालते, आणि लघवीस जावयाचे आहे हेही सांगत नाही. "आमच्या मुलाने मुळीच त्रास दिला नाही हो!" असे म्हणून घरची मंडळी त्याचे कौतुक करितात, आणि शांत मूल म्हणून बाईंचेही लक्ष त्याजकडे सर्वांत कमी जाते. अशा बुजऱ्या मुलाला 'ही जागा माझीही आहे, येथे मी हवा आहे' असे वाटावे कसे, हा आजच्या आमच्या लेखाचा विषय होय.

कोरेगावातील दोन मुले

गेल्या वर्षी जूनमध्ये आमचा काही दिवस मुक्काम कोरेगाव भीमा येथे एका आप्तांच्या घरी होता. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरांवर, भीमा नदीच्या काठी हे शिरूर तालुक्यातील गाव वसले आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईने गावाचे नाव इतिहासात गेले. नदीपलीकडे पेरणे गावच्या हद्दीत उभ्या असलेल्या जयस्तंभास १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी भेट दिली होती, आणि दरवर्षी त्या दिवशी लाखो माणसे तेथे येतात. २०१८ साली त्याच दिवशी या परिसरात जो हिंसाचार झाला, त्याची आठवण येथील लोकांच्या मनातून गेलेली नाही. परंतु वर्षाचे उरलेले दिवस या गावाचे घड्याळ कारखान्यांच्या पाळ्यांवर चालते. जवळच सणसवाडीचे कारखाने, पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत. मराठवाड्यातून, विदर्भातून, त्याचप्रमाणे उत्तर हिंदुस्थानातून आलेली कुटुंबे येथे भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. अशा बिऱ्हाडांत मूल सांभाळावयास आजी नाही, आत्या नाही, आणि शेजारीणही बहुधा पाळीवर गेलेली असते.

आमच्या आप्तांचे घर मात्र भरलेले. आजी-आजोबा, दोघे भाऊ, दोघी जावा आणि साडेतीन वर्षांची एक नात. ही छोटी घरात झोपाळ्यावर बसून तासभर एकटीच गोष्टी सांगे. पण दारात पाहुणा आला, की आजीच्या लुगड्यामागे अदृश्य होई. तिला घराजवळच्या बालवाडीत घालण्याचे ठरले, आणि पहिले चार दिवस तिच्यासंगे जाण्याचे काम आमच्याकडे आले.

पहिल्या दिवशी आम्हांस नवल वाटले ते बालवाडीच्या ताईंचे. त्यांनी "ये ग आत, लाजतेस काय अशी?" असे म्हटले नाही. त्या दारापासून दोन हातांवर जमिनीवर बसल्या, तेही छोटीकडे अर्धवट पाठ करून, आणि चिंचोके व बाटल्यांची झाकणे यांची एक रांग मांडू लागल्या. एक चिंचोका, एक झाकण. एक चिंचोका, एक झाकण. मध्येच त्यांनी एक जागा रिकामी सोडली आणि पुढे मांडीत गेल्या. छोटी पाहत होती. तिसऱ्या वेळी जागा रिकामी राहिली तेव्हा ती आमचा हात सोडून वाकली आणि तिने तेथे एक झाकण ठेविले. ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढचा चिंचोका मांडला.

दाराबाहेरच्या पायरीवर त्याच वेळी आणखी एक मूल बसलेले असे. चार वर्षांचा मुलगा. आई त्यास नऊ वाजता आणून सोडी आणि पाळी चुकेल म्हणून तशीच धावत जाई. घरची भाषा हिंदी. मराठी त्यास कळत नव्हती. पहिल्या दिवशी त्याने पाणी मागितले, तेव्हा त्याच्या बोलण्यास दोन-तीन मुले हसली होती. तेव्हापासून त्याने तोंड उघडले नाही. "याला बोलताच येत नाही," असे एका मुलीने आम्हांस अगदी खात्रीने सांगितले. छोटीला निदान आमचा हात होता. त्याला कोणाचा हात होता?

बुजरेपणा हा दोष नव्हे

अशा मुलांविषयी आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. एक मत म्हणते, घरच्यांच्या लाडाने मूल असे झाले. दुसरे म्हणते, पाण्यात ढकलल्याविना पोहता येत नाही. दोन्ही मते अर्धवट आहेत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या तान्ह्या बालकांपुढे नवी खेळणी हलवून आणि नवे आवाज ऐकवून त्यांचे वर्तन पाहिले. सुमारे पाचांतील एक बालक अशा वेळी हातपाय झाडी, अंग ताठ करी, रडू लागे. इतर पुष्कळशी स्वस्थपणे पाहत राहत. पहिल्या गटातील मुले पुढे बुजरी होण्याचा संभव अधिक आढळला. म्हणजे हा स्वभाव काही अंशी जन्मासोबतच येतो. त्यात आईचा अपराध नाही आणि मुलाचा तर नाहीच नाही. परंतु त्याच मुलांपैकी बरीच पुढे भित्री राहिली नाहीत. ज्यांच्या घरच्यांनी त्यांस प्रत्येक नव्या गोष्टीपासून झाकून ठेविले नाही, आणि त्यांवर बळजबरीही केली नाही, तर हात धरून हळूहळू पुढे नेले, ती मुले धीट होत गेली.

बुजरे मूल आधी पाहते आणि मग करते; इतरांचा क्रम याच्या उलट असतो, एवढाच काय तो फरक. ज्यांस ही गोष्ट पटत नसेल त्यांनी सासरी नव्याने आलेल्या सुनेची आठवण करावी. भरल्या घरात ती येते तेव्हा कोणते पातेले कोठे असते, कोणाला चहा कसा लागतो, मामंजींच्या पूजेच्या वेळी बोललेले चालते किंवा नाही, यांतले तिला काहीच ठाऊक नसते. पहिले काही दिवस ती गप्प असते म्हणून तिला मुकी म्हणावे काय? एखादी समजूतदार जाऊ हळूच जवळ येऊन "अहो, चहाची साखर वरच्या फळीवर बरं का," एवढेच सांगते, आणि त्या एका वाक्याने घर तिचे होऊ लागते. तिला व्याख्यान नको असते, कौतुकाचा गाजावाजाही नको असतो. घराच्या कामात एक लहानशी जागा हवी असते. तीन वर्षांच्या मुलाचीही गरज याहून निराळी नाही.

शाळाच जेव्हा अंगणात गेली

मुलाने शाळेस जुळवून घ्यावे, की शाळेने मुलास? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात फार पूर्वी दोन बायकांनी देऊन ठेविले आहे. त्यांपैकी ताराबाई मोडक यांचे नाव आमच्या वाचकांस परिचित असेलच. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करून मुंबईस आल्या आणि १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. रोम शहरातील एका गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी पहिले बालगृह उघडले होते; त्या पद्धतीस आपल्या मातीचा रंग देण्याचे काम गिजुभाई व ताराबाई यांनी केले. शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी त्याचा लाभ घेतला. परंतु ताराबाईंचे मन तेवढ्याने भरेना. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात जाऊन राहिल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, आपल्याच पुणे जिल्ह्यातील मोरगावचा; बालपणीच वैधव्य आले असता शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी ज्या वस्तीस गावाने दूर ठेविले होते त्या वस्तीतील मुले तेथवर येत ना. ती मुले बुजरी होती असे म्हणणे सोपे होते. पुष्कळांनी तसे म्हटलेही असते. परंतु पिढ्यान् पिढ्या ज्यांना दाराबाहेर उभे केले, त्यांच्या लेकरांनी दारातून आत येताना अडखळावे, यात त्या लेकरांचा स्वभाव किती आणि आपली करणी किती? ताराबाईंनी मुलांस बोलावणे धाडण्याऐवजी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तेथेच सडा-सारवण, तेथेच हातपाय धुणे, तेथेच गाणी आणि गोष्टी. या अंगणातल्या शाळेस 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. आज आपण जो शब्द सरकारी पाटीवर वाचून पुढे जातो, तो मुळात एका बुजऱ्या मुलाकडे चालत गेलेल्या पावलांतून जन्मला आहे.

पुढे १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तो भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथील वारली मुले गुरांमागे रानात जात. तर गुरे जेथे चरतात तेथेच कुरणशाळा भरू लागली. महागड्या परदेशी साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने हीच शिक्षणाची साधने झाली, कारण ती मुलांच्या ओळखीची होती. अपरिचित खोलीत परिचित वस्तू दिसली, की भीती निम्मी होते. कोरेगावच्या ताईंनी जमिनीवर चिंचोके मांडले, त्यामागे ही मोठी परंपरा उभी होती. त्यांना ती ठाऊक असो वा नसो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सर्व हिंदुस्थानभर पसरला.

घरच्यांनी काय करावे

आता आपल्या घराकडे वळू. येथे प्रथम आमचाच एक अपराध कबूल केला पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या घरातील एका मुलास बालवाडीत पोचविण्याची पाळी आली. तो हात सोडीना. तेव्हा आम्ही सर्वांनी मिळून एक युक्ती योजिली: आजीने त्यास मागच्या अंगणातला पोपट दाखवावा आणि तेवढ्यात आम्ही पुढच्या दाराने पळ काढावा. युक्ती साधली. मुलगा दुसऱ्या दिवसापासून रडेनासाही झाला. पण पुढे दोन महिने घरात कोणी नुसते उठून उभे राहिले तरी तो त्याचे वस्त्र धरी, आणि पोपटाकडे त्याने पुन्हा पाहिले नाही. आम्ही त्याची समजूत काढली नव्हती. त्याची फसवणूक केली होती.

म्हणून पहिला नियम हा, की निरोप सांगून घ्यावा. "मी आता जातो. तुमची खिचडी खाऊन झाली, की आजोबा न्यायला येतील." मुलाला बारा वाजणे कळत नाही, पण खिचडी कळते. निरोप एकदाच, थोडक्यात, हसून घ्यावा. दारातून पाच वेळा मागे फिरू नये. आणि दिलेला शब्द तंतोतंत पाळावा. आजोबा येतील म्हटले असता काकू आली, तर मोठ्यांस त्यात काही वाटत नाही. मुलाच्या जगाचा मात्र एक खांब हलतो.

दुसरा नियम सवयीचा. जर्मनीत १९८० नंतर बर्लिन शहराच्या नावाने ओळखली जाणारी एक रीत पाळणाघरांतून रूढ झाली. पहिले तीन दिवस घरचे माणूस मुलासह तासभर आत बसते आणि त्या दिवसांत त्यास सोडून जाण्याचा प्रयत्नच करीत नाही. चौथ्या दिवशी थोडा वेळ, फार तर अर्धा तास, ते बाहेर जाते. बाईंनी जवळ घेतल्यावर मूल शांत झाले तर वेळ हळूहळू वाढवावयाचा. न झाले तर आणखी काही दिवस थांबावयाचे. आपल्याकडील बालवाड्यांस हे सारे जमेलच असे नाही. परंतु एकत्र कुटुंबास एक सोय आहे, जी एका खोलीच्या बिऱ्हाडास नाही: आई कामावर गेली तरी आजी आहे, आत्या आहे, निवृत्त आजोबा आहेत. त्यांपैकी एकाने, आणि एकानेच, पहिला पंधरवडा हे काम अंगावर घ्यावे. रोज नवे माणूस सोबतीस गेले, तर मुलास रोज नव्याने वियोग सोसावा लागतो.

तिसरी गोष्ट जिभेची. "शाळेत घालीन हं, मग बाई बघतील तुझ्याकडे!" असा धाक ज्या घरात वर्षभर घातला जातो, त्या घरातील मुलाने शाळेस भ्यावे यात आश्चर्य कसले? बागुलबुवाच्या घरी कोणी आनंदाने जात नाही. तसेच "आमची ही अगदी लाजाळूचे झाड आहे" हे वाक्य पाहुण्यांपुढे, तेही मुलाच्या देखत, शंभरदा उच्चारू नये. मोठी माणसे जे नाव ठेवितात ते मूल खरे करून दाखविते. पाहुण्यांपुढे "म्हण बघू ते गाणं" हा आग्रहही सोडावा. रडतराऊतास घोड्यावर बसविल्याने तो स्वार होत नाही. शेजारचे एक मूल घरी खेळावयास बोलवावे, ते उत्तम. वर्गात एक ओळखीचा चेहरा असला, की तीस अनोळखी चेहरे सुसह्य होतात.

चौथी गोष्ट लहान दिसेल. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा किंवा गोधडीचे टोक पिशवीत घालून द्यावे. इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९५१ साली या विषयावर विवेचन केले: आईपासून दूर होताना लहान मूल एखादी मऊ, वास ओळखीचा असलेली वस्तू जवळ बाळगते, आणि तिच्या आधारे घर व बाहेरचे जग यांमधील अंतर ओलांडते. म्हणून तो तुकडा मळला तरी घाईने धुऊ नये, आणि त्यावरून मुलास हसू तर मुळीच नये.

एक सावधगिरीची सूचना येथेच करून ठेवितो. जे मूल घरी मोकळेपणाने बोलते, परंतु सुरुवातीचा महिना उलटून गेल्यावरही बालवाडीत महिना-महिना एक शब्दही काढीत नाही, त्याच्या बाबतीत 'होईल आपोआप' म्हणून स्वस्थ बसू नये. प्रथम त्याचे कान तपासून घ्यावे आणि बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. असे मौन हा हट्ट नसून भीतीचा एक प्रकार असतो, आणि लवकर लक्ष दिल्यास त्यावर चांगला उपाय होतो.

वर्गातील जागा

घराने आपले काम केले तरी अर्धे काम बालवाडीत उरते. शिकागो येथील बालवर्गाच्या एक शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात एकच नियम लाविला: "तू आमच्यात खेळायचे नाहीस" असे कोणी कोणाला म्हणावयाचे नाही. या अनुभवावर त्यांनी १९९२ साली एक पुस्तक लिहिले. मोठ्या मुलांनी या नियमावर पुष्कळ वाद घातला, आणि जी मुले इतरांस दूर ठेवीत त्यांना तो जड गेला. पण भिंतीशी उभ्या राहणाऱ्या मुलांस त्याने दार उघडून दिले. बुजऱ्या मुलाला "जा, त्यांच्यात मिसळ" असे सांगणे व्यर्थ असते. मिसळण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हे, सामावून घेण्याची जबाबदारी वर्गावर आहे.

सामावून घेण्याच्या रीती साध्या असतात. मुलाचे नाव नीट, घरच्यासारखे उच्चारावे. त्याला बोलावयास न लावणारे एखादे काम द्यावे: वाट्या मांडणे, झाडास पाणी घालणे, घंटा वाजविणे. दहा जणांच्या घोळक्याऐवजी एका शांत मुलाशी त्याची जोडी लावावी. आणि १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात त्याला व्यासपीठावर उभे करण्याची घाई करू नये. पडदा ओढण्याचे कामही मानाचेच असते.

पाळीवर धावणाऱ्या आईस मात्र 'तीन दिवस मुलापाशी बसा' हा उपदेश करणे म्हणजे क्रूर थट्टा होईल. तिच्याकरिता कारखान्यानेच हात पुढे केला पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांकरिता पाळणाघर ठेविण्याचे बंधन घातले होते. २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वा अधिक माणसे कामावर असलेल्या संस्थेवर पाळणाघराची जबाबदारी आली, आणि आईस दिवसातून चार वेळा मुलास भेटून येण्याची मुभा मिळाली. चार वेळा! कायदा करणाऱ्यांनाही हे उमगले होते, की मुलाच्या मनाचा दोर फार वेळ ताणून धरता येत नाही. आमच्या वाचकांपैकी जे कारखान्यांतून, बँकांतून, कचेऱ्यांतून अधिकाराच्या जागी आहेत, त्यांनी आपल्या येथे ही सोय कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे एकदा उठून पाहून यावे.

मुंगी आणि चींटी

चौथ्या दिवशीची गोष्ट सांगून हा लेख पुरा करितो. पाऊस पडून गेला होता आणि पायरीच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली होती. एक मुंगी साखरेचा मोठा कण ओढीत होती. पायरीवरचा तो मुलगा गुडघ्यांवर हनुवटी टेकून पाहत होता. "चींटी," तो स्वतःशीच पुटपुटला. ताईंच्या कानांवर तो शब्द पडला. त्या त्याला आत या म्हणाल्या नाहीत. स्वतः बाहेर आल्या आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. मग मागे वळून म्हणाल्या, "अरे, इकडे या सगळे! आपण हिला मुंगी म्हणतो. हा चींटी म्हणतो. आज आपल्याला एक नवा शब्द मिळाला."

बघता बघता सारी बालवाडी उंबरठ्याशी येऊन उकिडवी बसली. "चींटी, चींटी," असा एकच गजर झाला. कोणी तो शब्द चुकीचा उच्चारला, तेव्हा त्या मुलाने मान हलवून तो दुरुस्त केला. चार दिवसांतले ते त्याचे पहिले बोलणे, आणि तेही शिकविणाऱ्याचे! छोटी त्याच्या अगदी शेजारी बसली होती. मुंग्यांची रांग उंबरठा ओलांडून आत गेली, तिच्यामागे सारी मुले गेली, आणि त्यांच्यात तोही गेला. आत जाण्याचे कोणी त्यास सांगितले नाही, आणि तो कधी गेला हे त्याचे त्यालाही कळले नसावे.

दुपारी पाने मांडली असता पाटापाशी एक मुंगी दिसली. "चींटी!" छोटी आनंदाने ओरडली. "हे कुठून शिकलीस?" धाकट्या काकूंनी विचारले. "माझ्या शेजारी बसतो ना, त्याच्याकडून." काकूंच्या कपाळावर किंचित आठी पडली. "कोण कोण बसतं ग तुझ्या शेजारी? आपली भाषा बिघडेल अशानं." क्षणभर कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही, याची खंत आजही वाटते. छोटीने एकदा काकूंकडे पाहिले, एकदा आजोबांकडे; तिचा चेहरा पुन्हा तसाच होऊ लागला होता, जसा पहिल्या दिवशी दारात होता.

आजोबांनी आपोष्णीचे पाणी खाली ठेविले. "अग," ते सुनेस म्हणाले, "चार दिवस ही पोर घरी येऊन गप्प बसत होती. आज बोलली. ज्यानं तिला बोलतं केलं त्याचं नाव विचार आधी." मग ते छोटीकडे वळले. "आणि पाण्याला काय म्हणतो ग तुझा मित्र?" छोटीला ते ठाऊक नव्हते. "उद्या विचारून येते," ती म्हणाली.

आपल्या मुलास बाहेरच्या जगाने आपले म्हणावे, अशी प्रत्येक घराची इच्छा असते, आणि ती रास्त आहे. परंतु बालवाडीत आपले मूल शिरते तेव्हा दारात आणखी एखादे मूल उभे असते. त्याला आपण कोणत्या नजरेने पाहतो, हे आपले मूल जेवणाच्या पाटावर बसल्या बसल्या शिकत असते. त्या दुसऱ्या मुलाला जागा न देता केवळ आपल्या मुलाकरिता जागा मागणाऱ्या घरास ती फार दिवस मिळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांस पुण्यास परतावयाचे होते. निघताना पाहिले, तो छोटी आजीचा हात ओढीत बालवाडीकडे चालली होती. तिला तेथे एक प्रश्न विचारावयाचा होता.